पाचव्या खुर्चीची किंमत

पावसाळ्यात कसबा बावड्यातील माणूस सकाळी उठून प्रथम कोणती गोष्ट विचारीत असेल, तर ती राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी होय. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे दोन आकडे येथील शाळकरी मुलालाही पाढ्यांप्रमाणे पाठ असतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेने ५५ फुटांचीही मर्यादा ओलांडली, तेव्हा पाण्याच्या भाराने काय काय होऊ शकते हे कोल्हापूरकरांनी डोळ्यांनी पाहिले. ४३ फूट उंचीचा पाण्याचा स्तंभ आपल्या तळाशी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १.३ किलो इतकाच दाब देतो. उत्तर अटलांटिक महासागरात 'टायटॅनिक' जहाजाचे अवशेष जेथे पडले आहेत तेथे, म्हणजे सुमारे ३,८०० मीटर खोलीवर, हाच दाब त्याच्या ३०० पट, चौरस सेंटिमीटरला सुमारे ३९० किलो होतो. आपल्या टपाल खात्याचे साधे पोस्टकार्ड त्या खोलीवर धरले, तर त्याच्या एका बाजूवर सुमारे ४९ टनांचा भार येईल.

अशा ठिकाणी माणसे घेऊन जाणारी 'टायटन' ही छोटी पाणबुडी १८ जून २०२३ रोजी फुटली, किंबहुना चहूबाजूंनी आत चेपली गेली, आणि तिच्यातील पाचही जण क्षणार्धात मृत्युमुखी पडले. त्यांत पाणबुडी चालविणाऱ्या ओशनगेट या अमेरिकन कंपनीचे प्रमुख स्टॉक्टन रश होते, टायटॅनिकच्या अवशेषांचे जाणते फ्रेंच पाणबुडे पॉल-आंरी नार्जोले होते, आणि अवघा १९ वर्षांचा एक विद्यार्थीही आपल्या वडिलांसमवेत होता. चार दिवस जगभर शोध चालला. प्राणवायू किती तास पुरेल याचे हिशेब वृत्तपत्रांतून छापले गेले. २२ जून रोजी टायटॅनिकच्या नाळेपासून सुमारे ५०० मीटरांवर अवशेष सापडले, तेव्हा कळले की हे हिशेब मांडण्यापूर्वीच सारे संपले होते. पाणबुडीने बुडी घेतल्यावर सुमारे दीड तासाने, ३,३०० मीटरांच्या आसपास, तिचा शेवटचा संदेश आला. त्यानंतर काही सेकंदांतच ती नष्ट झाली होती.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने या यंत्रशास्त्रीय विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. प्रस्तुत लेखकाच्या मनातही तो आला होता. तथापि अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाचा ऑगस्ट २०२५ मधील तीनशेहून अधिक पृष्ठांचा अहवाल आणि तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा ऑक्टोबर २०२५ मधील अहवाल यांचे निष्कर्ष पाहिल्यावर असे दिसते की, ही पाणबुडी फुटली ती समुद्रात. पण तिच्या विनाशाचा आरंभ जमाखर्चाच्या वहीतच झाला होता.

आधी ती पाणबुडी कशी घडविली होती ते पाहू. खोल समुद्रात माणसे नेणाऱ्या बहुतेक पाणबुड्यांचा माणसे बसण्याचा कक्ष गोल असतो, एखाद्या चेंडूसारखा. गोलावर बाहेरचा दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो, म्हणून कमीत कमी धातूत जास्तीत जास्त बळ मिळते. त्याच व्यासाचे आणि त्याच जाडीचे नळकांडे घेतले, तर त्याच्या भिंतीवर गोलाच्या दुप्पट ताण येतो. हे गणित जुने आहे आणि त्याविषयी कोणाचा वाद नाही. गोलाची अडचण वेगळीच. त्यात तीन माणसे कशीबशी बसतात. चौथा, पाचवा बसवायचा तर गोल मोठा करावा लागतो. गोल मोठा केला की भिंत जाड करावी लागते. भिंत जाड झाली की वजन झपाट्याने वाढते. वजन वाढले की ते तरंगते ठेवण्यासाठी जास्त फेस-द्रव्य, ते उचलण्यासाठी मोठी यारी आणि ती यारी वाहण्यासाठी मोठे जहाज लागते. महासागरात मोठ्या जहाजाचे दररोजचे भाडे हा या धंद्यातील सर्वांत जड खर्च होय.

ओशनगेटला पाच जण एकाच वेळी न्यावयाचे होते. एक चालक, एक माहीतगार आणि तीन पैसे देणारे. प्रत्येकी तिकीट २,५०,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे दोन कोटी रुपये. तीन आसनांच्या गोलात चालक वजा जाता दोनच आसने उरतात, आणि माहीतगार बसविला तर एकच. म्हणून नळकांडे आले. नळकांडे टायटॅनियमचे केले असते तर ते फार जड झाले असते, म्हणून कार्बन तंतूंचे द्रव्य आले. त्याची घनता टायटॅनियमच्या निम्म्याहूनही कमी असते. नळकांडे हलके झाले, म्हणून यारीचे मोठे जहाजही टळले. पाणबुडी एका तरफ्यावर ठेवून लाटांतून ओढीत नेता येऊ लागली. पण नळकांड्याची दोन्ही तोंडे बंद करणे भाग होते. त्यासाठी टायटॅनियमचे अर्धगोल घेतले, आणि ते बसविण्यासाठी नळकांड्याच्या दोन्ही कडांना टायटॅनियमची कडी जोडली. कड्याला खाच होती. त्या खाचेत सुमारे पाच इंच जाडीची कार्बनची कड बसवून मध्ये इपॉक्सी जातीचा गोंद भरला होता. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेल्या ॲराल्डाइटचेच हे उच्च कुळातील भावंड.

म्हणजे गोंदाचा हा सांधा कोणा यंत्रज्ञाच्या लहरीतून जन्मलेला नव्हता. तो पाचव्या खुर्चीतून जन्मला होता.

दोन भिन्न स्वभावांची द्रव्ये जोडणे ही गोष्ट माणसाला नवी नाही. ज्या वाचकांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांनी आपल्या गावी बैलगाडीच्या चाकाला धाव बसविताना निश्चित पाहिले असेल. सुताराने लाकडी चाक सिद्ध केलेले असे. लोहाराने लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान बनविलेली असे. गोवऱ्यांच्या आणि लाकडांच्या वर्तुळाकार जाळात ती लाल होईपर्यंत तापवीत, तीन-चार जण सांडशांनी उचलून चाकावर ठेवीत, हातोड्यांनी ठोकीत आणि लगेच पाणी ओतीत. वाफेचा लोट उठे, लोखंड आकसे आणि लाकडी घेर, आरे, तुंबा असे सारे कडकडून आवळले जाई. खिळा नाही, गोंद नाही. दोन द्रव्यांच्या स्वभावातील फरकच येथे उपयोगी आणलेला असे. तोच फरक पुढे वैरीही होई. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसले की धाव सैल पडे, आणि शेतकरी चाके नदीच्या पाण्यात टाकून ठेवी. सैल धावेची गाडी रस्त्याने निघाली की तिची खडखड साऱ्या गल्लीला ऐकू जाई. मालकाने कानावर हात ठेवले तरी शेजारी सांगत.

टायटॅनियम आणि कार्बन तंतू यांच्यातील फरक लाकूड-लोखंडाहून वेगळ्या प्रकारचा आहे, पण तत्त्व तेच. खोल पाण्यात दोन्ही द्रव्ये दाबाने आकसतात, मात्र सारख्या प्रमाणात नव्हे. नळकांड्याची भिंत मध्यभागी आत दबते. कडेला मात्र ताठ टायटॅनियमचे कडे तिला तितके दबू देत नाही. परिणामी सांध्याजवळ भिंत वाकते, आणि गोंदावर व कार्बनच्या थरांवर घसरण्याचा आणि सोलून निघण्याचा ताण येतो. तापमानाचाही प्रश्न असतो. वर डेकवर उन्हाळ्याचे ऊन, खाली गोठणबिंदूच्या जवळचे पाणी. टायटॅनियम थंडीने जेवढे आकसते तेवढे कार्बन तंतू आपल्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाहीत. प्रत्येक बुडीला सांधा एकदा एका दिशेने ताणला जातो आणि वर येताना तो ताण पुन्हा सुटतो.

सांध्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. खोल गेल्यावर पाण्याचा दाबच दोन्ही टोकांचे अर्धगोल नळकांड्यावर घट्ट दाबून धरतो. बैलगाडीची धाव थंड होऊन चाक आवळते तसे. त्यामुळे तळाशी हा सांधा उघडण्यापेक्षा मिटण्याकडेच झुकतो, असा युक्तिवाद करता येतो, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. पण पाणबुडीचे आयुष्य केवळ तळाशी जात नाही. तिला ओढीत नेतात, लाटा तिला आपटतात, ती उचलली जाते, ठेवली जाते. आणि थरांनी बनलेल्या द्रव्याचे दुबळेपण थरांच्या मधे असते. प्लायवूडचा तुकडा तंतूंच्या दिशेने मोडून पाहा, तो दाद देणार नाही. कडेला पाणी मुरू द्या, पापुद्रे सुटू लागतात. कार्बन तंतूंचे खरे बळ ओढले जाताना दिसते. विमानाच्या आत हवेचा दाब असतो, तो कवच बाहेर ताणतो, म्हणून विमानाला हे द्रव्य मानवते. पाणबुडीवर दाब उलट दिशेने, बाहेरून आत येतो. धातू तुटण्यापूर्वी थोडा वाकतो, खुणा दाखवितो, आणि ध्वनिलहरींनी त्याच्या पोटातील भेगा शोधण्याची विद्या रुळलेली आहे. पाच इंच जाडीच्या कार्बनच्या भिंतीत तसा शोध घेणे अवघड असते. कार्बन तंतूंचे नळकांडे आणि टायटॅनियमची टोके ही जोडी अमेरिकन नौदलाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात ६,००० मीटरपर्यंत जाणाऱ्या एका पाणबुडीत वापरली होती खरी. पण तिच्यात माणूस बसत नव्हता.

टायटनचे पहिले नळकांडे २०१९ मध्ये भेग आढळल्याने टाकून द्यावे लागले. दुसरे एकावर एक अशा पाच जाड थरांनी घडविले. प्रत्येक थर स्वतंत्रपणे भाजून पक्का करायचा, त्यावर उमटलेल्या सुरकुत्या घासून सपाट करायच्या आणि पुढचा थर चढवायचा. टायटॅनियमची कडी मात्र पहिल्याच नळकांड्याची काढून पुन्हा वापरली. अपघातानंतर तपासलेल्या तुकड्यांत सुरकुत्या, पोकळ्या आणि सच्छिद्रता आढळली. नेमके कोठून फुटले याविषयी तटरक्षक दलाने पुढच्या बाजूचा गोंदाचा सांधा आणि त्यालगतचा कार्बनचा भाग यांकडे बोट दाखविले आहे, तर वाहतूक सुरक्षा मंडळाने थर सुटत जाण्यावर भर दिला आहे. मंडळाचा त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, पुरेशा चाचण्या न घेतल्याने या कवचाचे खरे बळ आणि खरा टिकाऊपणा कंपनीला कधीच ठाऊक नव्हता.

या अखेरच्या वाक्याजवळ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबले पाहिजे. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक छोटा निबंध लिहिला. त्याच विचारासाठी पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मोटारीतील खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे बाजार बिघडतो, असा त्याचा आशय. आपल्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम करणाऱ्या कारखानदाराला हा प्रश्न फारसा छळत नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक मोटारी किंवा पंप बनविणारा मोठा कारखाना असतो. त्याचा निरीक्षक येतो, नमुना कापून पाहतो, धातूचे पृथक्करण करतो आणि ओतीव कामात फुगा किंवा भेग दिसली की सारी रास परत पाठवितो. रिजेक्शन हा शब्द आमच्याकडे इंग्रजी राहिलेलाच नाही. पण दोन कोटींचे तिकीट काढणारा प्रवासी कितीही धनवान असला, तरी तो नळकांडे कापून पाहू शकत नाही. म्हणूनच जहाजांच्या जगात तिसरा पक्ष निर्माण झाला: लॉइड्स रजिस्टर, नॉर्वेची डीएनव्ही, आणि आपली १९७५ मध्ये स्थापन झालेली, मुंबईत पवईला मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग. या संस्था आराखडा तपासतात, घडण पाहतात, चाचणीला उभ्या राहतात आणि मग प्रमाणपत्र देतात.

ओशनगेटने असे प्रमाणपत्र घेतले नाही. नवे शोध तपासणी संस्थांच्या वेगाने चालू शकत नाहीत, ही कंपनीची उघड भूमिका होती. प्रवाशांकडून ज्या कागदावर सह्या घेतल्या जात, त्यात पाणबुडी प्रमाणित नाही आणि मृत्यूचा संभव आहे असे स्पष्ट लिहिलेले होते. प्रवाशांना प्रवासी न म्हणता मोहिमेतील सहकारी म्हणण्याची युक्तीही होती, कारण प्रवासी म्हटले की अमेरिकन कायद्याचे निर्बंध लागू झाले असते. पण ॲकरलॉफचा सिद्धान्त येथे जसाच्या तसा बसत नाही, आणि हीच या प्रकरणातील विलक्षण गोष्ट आहे. विकणारा स्वतः त्याच पाणबुडीत बसला होता. त्याला खोड ठाऊक होती आणि त्याने ती लपविली, इतके हे सरळ नाही. खोड जाणून घेण्यास जो खर्च पडतो तो त्याने केला नाही. नळकांडी मोडेपर्यंत दाबून पाहायची तर प्रत्येक चाचणीला एक नळकांडे खर्ची पडते. अज्ञान त्याला स्वस्त पडले होते.

इशारे मिळाले नाहीत असेही नाही. कंपनीचाच सागरी व्यवहारांचा संचालक डेव्हिड लॉकरिज याने जानेवारी २०१८ मध्ये लेखी अहवालात कवचाच्या तपासणीची मागणी केली. त्याची नोकरी गेली. त्याने कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याकडे तक्रार केली. त्या खात्याच्या दिरंगाईवर तटरक्षक दलाच्या अहवालात पुढे ताशेरे आले आहेत. मार्च २०१८ मध्ये या क्षेत्रातील तीन डझनांहून अधिक जाणकारांनी सह्या केलेल्या पत्रातही हाच धोका मांडलेला होता. आणि स्वतः पाणबुडीनेही एक इशारा दिला होता. १५ जुलै २०२२ रोजी ८० व्या बुडीहून वर येताना मोठा आवाज झाला, आतील माणसांनी तो ऐकला. कवचावर बसविलेल्या संवेदकांनी तो नोंदला, आणि त्यानंतरच्या बुडींत ताणाची मापे बदललेली दिसली. कवच आपल्या चौकटीत किंचित सरकले असावे, असा खुलासा करण्यात आला. पाणबुडी पुन्हा खाली गेली. त्यानंतरचा हिवाळा तिने कॅनडात उघड्यावर, बर्फात काढला.

त्याच्याही सुमारे ६३ वर्षे आधीचा असाच एक आवाज येथे आठवतो. 'त्रिएस्त' या पाणबुडीचा पोलादी गोल जर्मनीच्या क्रुप कारखान्यात तीन भागांत घडविला होता आणि ते भाग एकमेकांस गोंदाने जोडलेले होते. नोव्हेंबर १९५९ मध्ये पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटाजवळ १८ हजार फुटांहून अधिक खोल बुडी घेऊन वर येताना मोठे आवाज झाले. तपासले तेव्हा गोंदाचा सांधा सुटल्याचे आढळले. मोहीम प्रतिष्ठेची होती, वेळ थोडा होता. तरीही सांधे पुन्हा जुळवून त्यांवर धातूचे पट्टे आवळण्यात आले, आणि मगच २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार व डॉन वॉल्श हे दोघे जगातील सर्वांत खोल गर्तेत, सुमारे ११ किलोमीटर खाली उतरून सुखरूप परत आले. तेथेही सांधा गोंदाचाच होता, आवाज तसाच होता. फरक एवढाच की त्या आवाजाकडे कोणी तिकिटांच्या हिशेबाच्या कानाने ऐकले नाही.

टायटनमधील संवेदकांचा कंपनीला मोठा अभिमान होता. कवच फुटण्यापूर्वी ते पूर्वसूचना देतील म्हणून प्रमाणपत्राची गरज नाही, असे सांगितले जाई. पूर्वसूचना त्यांनी दिलीही. पण पट्टी वाचणारा, तिचा अर्थ लावणारा आणि बुडी घ्यायची की नाही हे ठरविणारा एकच होता, आणि पुढच्या हंगामाची तिकिटे विकणाराही तोच. राजाराम बंधाऱ्याची पातळी सरकारी माणूस वाचतो आणि ती तत्काळ साऱ्या शहरात जाहीर होते. पूररेषेत घरे बांधून विकणाऱ्याकडे ती वाचण्याचे काम दिले असते, तर ४३ फुटांचा आकडा किती वेळा ४२ झाला असता, याची कल्पना करणे कठीण नाही.

आपल्या देशात या विषयावर काय चालले आहे? चेन्नई येथील राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेची 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेण्यासाठी सिद्ध होत आहे. तिचा कक्ष गोल आहे, सर्वस्वी टायटॅनियम मिश्रधातूचा, ८० मिलिमीटर जाड. त्याचे दोन अर्धगोल गोंदाने नव्हे, तर इलेक्ट्रॉन झोताने वितळवून जोडण्याचे काम भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने हाती घेतले. सुमारे सात मीटर लांबीचा तो सांधा ३२ मिनिटांत पुरा झाला; पण त्या ३२ मिनिटांपूर्वी जोडकामाच्या सुमारे ७०० चाचण्या घेतल्या गेल्या होत्या. आसने मात्र तीनच आहेत. भिन्न द्रव्ये जोडू नयेतच असा याचा अर्थ मुळीच नाही. युद्धनौकेच्या नाळेखाली बसणारा संमिश्र द्रव्याचा सोनार-घुमट पुण्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने आखला, गोव्यातील कारखान्याने घडविला आणि २०१६ मध्ये तो नौदलाच्या हाती आला. तो पोलादी जहाजालाच जोडायचा असतो. पण तेथे घेणारा नौदल असते, आणि नौदलाला तपासता येते.

तपासता न येणारा घेणारा आता महाराष्ट्रातही येऊ घातला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीच्या खडकांजवळ पर्यटकांसाठी पाणबुडी आणण्याची कल्पना २०१८ पासून चर्चेत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये हा प्रकल्प गुजरातेत गेला काय, यावरून राजकीय वादळही उठले. त्यानंतर सेवानिवृत्त 'गुलदार' ही युद्धनौका तेथे समुद्रतळाशी ठेवून संग्रहालय आणि पाणबुडीची सहल अशी योजना पुढे आली. प्रकल्प कोणत्या राज्याचा, यावर जेवढी शाई खर्ची पडली तिच्या शतांशानेही पाणबुडी कोण तपासणार यावर पडली नाही. निवतीचे पाणी उथळ आहे, ही गोष्ट खरी. तेथील दाब पंचगंगेच्या महापुराहून काही फार मोठा नव्हे, आणि तेथे कार्बनच्या नळकांड्याचा प्रश्नच येणार नाही. पण इजिप्तमधील हुर्घाडा येथे २७ मार्च २०२५ रोजी पर्यटकांची जी पाणबुडी बुडाली आणि सहा जण दगावले, तीही उथळ पाण्यातच प्रवाळ दाखविणारी होती.

कोकणातील होड्यांतून जीवरक्षक जाकिटांशिवाय किती जण बसतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना येथे काय होऊ शकते ते सांगावयास नको. म्हणून पहिले तिकीट छापण्यापूर्वी राज्य शासनाने दोन-तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात. पाणबुडीचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, ते किती महिन्यांनी नवे करायचे, आणि तपासणीचा अहवाल तिकीटखिडकीशेजारी मराठीत लावला जाईल की नाही. आसनांची संख्या तपासणी संस्था ठरवील, ठेकेदार नव्हे. निरीक्षकाला मानधन पाणबुडी चालविणाऱ्याने थेट देऊ नये. तिकिटातील ठरावीक रक्कम बंदर खात्याकडे जमा व्हावी आणि निरीक्षकाची निवडही त्याच खात्याने करावी. यामुळे तिकीट काही रुपयांनी महाग होईल. एखाद-दुसरे आसनही कमी होईल. त्या आसनांचे उत्पन्न धरून ज्यांनी प्रकल्पाचे अंदाजपत्रक तयार केले असेल, त्यांनी ते आताच दुरुस्त करून घ्यावे.